चौदाशे बारा चुका

मशीनचं झाकण उघडं, आत काहीच नाही, आणि शेजारच्या टेबलावर आपली उशीची खोळ, आपले तीन टॉवेल, गळ्याशी उसवलेला तो झोपायचा शर्ट... सगळं कसं दुकानात मांडल्यासारखं घडी घालून ठेवलेलं! फुमिनो ताकासे दारातच थबकली. छत्रीचं पाणी बुटांवर गळत होतं, तिकडेही तिचं लक्ष नव्हतं. टेबलापाशी एक उंच माणूस पाठमोरा उभा राहून तिचा चौथा टॉवेल झटकत होता.

"अहो, ते माझे कपडे आहेत!"

माणूस वळला आणि टॉवेल हातात धरूनच असा काही वाकला, की त्याचं कपाळ टेबलाला लागता लागता राहिलं. "माफ करा! अगदी मनापासून माफ करा! मला वाटलं, हे माझं मशीन."

"तुमच्या मशीनमध्ये पिवळ्या फुलांची उशीची खोळ असते?"

"नाही... म्हणूनच घडी घालताना शंका आली."

"आणि तरी घातलीत?"

"अर्धवट सोडलं असतं तर आणखी वाईट दिसलं असतं ना?"

आता अशा माणसावर चिडायचं तरी कसं? जून महिना, मात्सुयामात आठ दिवस पावसाची झड. घरात दोरीवर कपडे कुबट होतात, म्हणून अर्धं गाव नाणी टाकून आपले कपडे आपणच धुऊन वाळवायच्या या दुकानात. तिथला एक अलिखित नियम पोराटोरांनाही ठाऊक आहे: दुसऱ्याच्या मशीनला हात लावायचा नाही. अंतर्वस्त्रांची घडी तर फुमिनोला एका टॉवेलखाली लपवलेली दिसली. तिचे कान तापले.

"आणि हे... हे पण तुम्हीच?"

"डोळे मिटून घातली," तो घाईघाईनं म्हणाला.

"डोळे मिटून इतकी सरळ घडी?"

त्याचा चेहरा शिजवलेल्या खेकड्यासारखा लाल झाला, आणि फुमिनोला हसू फुटलं. अगदी पोटातून. असं हसून तिला किती महिने झाले होते कोण जाणे.

कारण पोरीचं कामच तसं होतं. नोकरीला अर्ज केलेल्या माणसांनी सोशल मीडियावर काय काय लिहून ठेवलंय, ते शोधायचं. नावानं उघडलेलं खातं तर कुणीही शोधेल. फुमिनोच्या कचेरीचं काम त्यामागचं होतं: खोट्या नावानं उघडलेलं खातं, जिथं माणूस मनातलं ओकतो. ते हुडकायचं, वाचायचं, आणि कंपनीला अहवाल द्यायचा. हिरवा, पिवळा किंवा लाल. चार वर्षं हे करून तिला माणसं अशी कळायला लागली होती, की कळली नसती तर बरं. बायकोच्या वाढदिवसाला केकचा फोटो टाकणाऱ्याच्या फोटोत बायकोच नसते. "कामगारांना मी घरचं माणूस मानतो" असं लिहिणाऱ्याला एकाही कामगाराचं नाव येत नसतं. आणि जो रोज उठून आपल्या साधेपणाबद्दल लिहितो, त्याच्यापासून दोन हात लांबच राहावं. माणूस काय लिहितो त्याला फारसा अर्थ नसतो, कधी लिहितो, कुणाला वगळतो, कुणी चूक दाखवली तर काय करतो, त्यात तो सापडतो. हे सगळं शिकता शिकता फुमिनोचा माणसांवरचा विश्वास मात्र पार उडाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या टेबलावर नवी फाइल आली. कोहेई शिओमी, वय एकतीस, बंदरावरच्या गोदामात माल चढवण्याचं काम. अर्ज बेटांवर जाणाऱ्या बोटीवर खलाशी म्हणून. अर्जाला फोटो नव्हता, अलीकडे बऱ्याच कंपन्या घेत नाहीत. नावाच्या खात्यावर अकरा फोटो, अकराही बोटींचे. त्यातला एक गंजक्या खुंट्यावर बसलेल्या समुद्रपक्ष्याचा. तोच फोटो तिला दुसऱ्या एका बिननावाच्या खात्यावर सापडला. त्या खात्याचं नाव होतं, 'आजची चूक'.

खातं कसलं, वहीच ती. जवळजवळ चार वर्षं, रोज संध्याकाळी एक नोंद. इथल्या शाळांत पहिलीपासून दिवस संपताना पोरांना उभं करून विचारतातच, आज काय चुकलं, उद्या काय सुधारशील? सहल झाली की चुकांची बैठक, खेळ झाले की चुकांची बैठक. मोठेपणी आपण सगळे ती सवय गुंडाळून ठेवतो. या बाबानं ठेवली नव्हती.

सगळ्यात वरची नोंद आदल्या संध्याकाळची होती.

"आजची चूक: दुसऱ्याचं मशीन उघडलं. एका अनोळखी बाईंचे कपडे घडी घालून ठेवले. त्या रागावल्या नाहीत, हसल्या. म्हणून चूक ही चूक वाटेना, हे त्याहून वाईट. शिवाय नाव विचारायचं राहिलं."

टॉवेल झटकणारा तो उंच माणूस, तोच हा कोहेई शिओमी!

खरं तर तिनं त्याच क्षणी फाइल उचलून इशिमारूबाईंकडे द्यायला हवी होती. इशिमारूबाई म्हणजे तिच्या साहेब. पन्नाशीच्या, सदा दाढेखाली सुकवलेल्या माकूळ माशाचा तुकडा चघळणाऱ्या, आणि नियमाच्या अशा पक्क्या की बस्स. कचेरीचा पहिला नियमच तो: ओळखीच्या माणसाची फाइल हातात ठेवायची नाही, आणि ज्याची फाइल आहे त्याला कधीही काही कळता कामा नये. पण फाइलच्या पहिल्या पानावर यंत्रानं आपलं काम करून ठेवलं होतं. यंत्र ठरावीक शब्द शोधतं आणि लाल खूण करतं. 'चूक' हा त्यातलाच शब्द. तेराशे अठ्ठ्याण्णव नोंदी, तेराशे अठ्ठ्याण्णव लाल खुणा! पान कसं गोवर आल्यासारखं दिसत होतं. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. इशिमारूबाईंकडे महिन्याला चाळीस फायली, त्या फक्त रंग बघतात. एवढा लाल रंग बघून कुठली बोट या माणसाला पाय ठेवू देईल?

'मी नीट वाचते, नीट अहवाल लिहिते आणि मग देते,' फुमिनोनं मनाशी ठरवलं. स्वतःला फसवायला माणसाला फार मोठं कारण लागत नाही.

ती वाचत सुटली.

"आजची चूक: लिफ्टमध्ये दार बंद करायचं बटण दाबलं. कुणीतरी धावत येत होतं. बुटांचा आवाज मला ऐकू आला होता."

"आजची चूक: आईच्या फोनवर नुसतं हो हो म्हणत राहिलो, ऐकलं काहीच नाही. परत फोन केला. तिनं सगळं पहिल्यापासून सांगितलं. विषय: परसातले मुळे."

"आजची चूक: कोपऱ्यावरचं नूडल्सचं दुकान बंद झालं. मला ते फार आवडतं असं सगळ्यांना सांगायचो. जायचो मात्र नाही."

"आजची चूक: खोकी पडली म्हणून मोरिताकाकांवर सगळ्यांसमोर ओरडलो. खोकी मीच वाकडी रचली होती. माफीही सगळ्यांसमोरच मागायची." आणि दुसऱ्या दिवशीच्या नोंदीच्या शेवटी दोनच शब्द, "काल मागितली."

त्या दोन शब्दांपाशी फुमिनोचे डोळे भरून आले. भर कचेरीत, नाकाशी रुमाल! चार वर्षांत तिनं हजारो माणसांची मनं चोरून वाचली होती, पण कुणीही तिथं इतरांना सोडून स्वतःलाच धारेवर धरलेलं तिला आठवेना. आणि किती साधेपणानं. रडगाणं नाही, 'मी किती वाईट' असा नखरा नाही. चुकलं, बस्स. उद्या बघू.

पुढच्या बुधवारी ती पुन्हा कपडे घेऊन गेली. गाठोड्यात दोनच टॉवेल होते, तेही स्वच्छ.

"आज माझं मशीन नीट बघून घेतलंय," तो लांबूनच म्हणाला. "तीन नंबर. तुमचं?"

"चार. हवं तर पाटी लावते."

"लावाच. माझा भरवसा नाही." मग जरा थांबून, मशीनकडे बघत... "तुमच्या टॉवेलांना आज फिरायला आणलंय का? धुवायला काही दिसत नाही."

फुमिनोनं उशिरा का होईना, गाठोडं पाठीमागे लपवलं. "तुम्ही दुसऱ्यांच्या कपड्यांकडे फार बघता हो!"

"एकदाच बघितले. आता विसरता येत नाहीत... म्हणजे, टॉवेल! टॉवेलांबद्दल म्हणतोय मी!"

दोघं हसली. बाहेर पावसाची रिपरिप, आत सहा मशीनांची घरघर, आणि मधल्या बाकावर दोघांमध्ये एका माणसाची जागा सोडलेली. आपल्याला बोटीवर का जायचंय ते त्यानं सांगितलं. बेटावरचं घर, हायस्कूलची तीन वर्षं रोज याच बोटीनं ये-जा. वादळाच्या दिवशी एक खलाशी सगळ्या पोरांना मोजून उतरवायचा, आणि मोजताना प्रत्येकाच्या डोक्यावर टपली मारायचा. "मला टपली मारायचं काम हवंय," तो म्हणाला. फुमिनोला त्याचं बोलणं ऐकताना कुठं बघावं कळेना. तिला हे माहीत होतं. सातशे तिसाव्या नोंदीत होतं.

तिसऱ्या बुधवारी दोघांमधली ती जागा राहिली नव्हती. त्यानं डब्यातली कॉफी आणली, तिच्या हातात देताना बोटं लागली, आणि दोघांनी एकदमच "माफ करा" म्हटलं. मग गप्पांच्या ओघात, अगदी सहज, फुमिनो बोलून गेली, "आणि आईंचे मुळे काय म्हणतात?"

कोहेईचा कॉफीचा डबा ओठापाशीच थांबला. "मुळे? तुम्हाला कसं कळलं?"

पोरीच्या तोंडचं पाणी पळालं. "सगळ्यांच्याच आया... मुळ्यांबद्दलच बोलतात की!"

"हं," तो हसला. "तेही खरंच." आणि त्यानं विश्वास ठेवला. बघा ना, लगेच ठेवला! खाई त्याला खवखवे म्हणतात तसं फुमिनोला झालं. त्या विश्वासानं तिला कॉफी कडू लागली.

घरी आल्यावर तिनं त्याचं खातं उघडलं. "आजची चूक: नाव विचारलं नाही. तिसरी वेळ. काय होतंय मला?"

ती चमकली. तिसरी वेळ? तिनं मागं जाऊन पाहिलं, पुन्हा पुन्हा पाहिलं. लिफ्टचं बटण एकदाच. आईचं न ऐकणं एकदाच. कुणावर सगळ्यांसमोर ओरडणं एकदाच. चार वर्षांत या माणसानं तीच चूक दुसऱ्यांदा केलेली नव्हती. एवढी एक सोडली तर. आणि ती तिच्यापायी होती.

फुमिनोनं फोन छातीशी धरला. तो नाव विचारायला घाबरतोय, आणि आपण त्याचं सगळं अंतरंग वाचून त्याच्या शेजारी साळसूदपणे कॉफी पितोय! हे प्रेम असेल तर असंच चालू ठेवता येणार नाही, एवढं तिला कळलं. फाइल परत द्यायची आणि त्यालाही सांगायचं. नोकरी गेली तर जाईल, तो गेला तर... तो गेला तर काय, याचा विचार मात्र तिनं केला नाही.

सकाळी तिनं फाइलवर तिला सापडलेलं एकच वाक्य लिहिलं, 'हा माणूस तीच चूक पुन्हा करत नाही', आणि इशिमारूबाईंसमोर उभी राहिली.

"ओळखीचा आहे."

बाईंचं चघळणं थांबलं. "किती दिवस?"

"दोन आठवडे."

"आणि दोन आठवडे तू फाइल दाबून बसलीस? अगं, चार वर्षं मी एकच गोष्ट शिकवली तुला! पालथ्या घड्यावर पाणी!"

"तुम्ही फक्त रंग बघता, बाई!" फुमिनोचा आवाज चढला, तो तिला आवरता आला नाही. "याचं पान लाल आहे. पण लाल कशानं झालंय, ते कुणी वाचायचं? खोटं लिहिणारे हिरवे होऊन जातात आणि खरं लिहिणाऱ्याची नोकरी जाते, हे काय काम झालं?"

इशिमारूबाईंनी फाइल ओढून घेतली. "उद्यापासून तू फोनवर बसायचं. सहा महिने. जा."

"आणि मी त्याला सांगणार आहे. सगळं."

"ते मी ऐकलेलं नाही," बाई फाइलमधून मान वर न काढता म्हणाल्या.

चौथ्या बुधवारी फुमिनोनं कपडे आणलेच नाहीत. तो बाकावर सरकून जागा करत होता, तेवढ्यात ती उभ्या उभ्याच म्हणाली, "मला तुम्हाला काही सांगायचंय. 'आजची चूक' हे तुमचं खातं मी वाचलंय."

तो हसायला गेला आणि हसू अर्ध्यावर थांबलं. मग तिनं सगळं सांगितलं. कचेरी, फाइल, फोटोतला पक्षी, मुळे.

"सगळ्या वाचल्यात?"

"चौदाशे बारा, फाइल परत देईपर्यंतच्या. आणि सहा त्यानंतरच्या."

मशीन थांबल्याची शिटी वाजली. तो उठला नाही. "मग तुम्ही हसत होतात, ते..."

"पहिल्या दिवशी मला काहीच माहीत नव्हतं. ते हसणं खरं होतं."

"आणि नंतरचं?"

"नंतरचं जास्त खरं. पण ते तुम्हाला पटावं, असं मी काही ठेवलेलं नाही. तुमची फाइल मी परत दिलीय. काम मिळालं तर ते माझ्या शब्दानं नसेल. माझं नाव—"

"नको," तो हळूच म्हणाला. "नाव नका सांगू." त्यानं कपडे घडी न घालताच पिशवीत कोंबले. "त्या चुका मी अनोळखी लोकांना सांगत होतो. अनोळखी लोक शेजारी बसून कॉफी पीत नाहीत."

तो ओरडला असता तर परवडलं असतं. तो दारात वाकून नमस्कार करून गेला.

त्या दिवशी खात्यावर नोंद आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. फुमिनो फोनवर "नमस्कार, आपली काय सेवा करू?" म्हणत राहायची आणि संध्याकाळी ते रिकामं पान उघडून बसायची. जून संपला, ऊन पडलं, कपडे घरीच वाळायला लागले. तिचे नाही वाळले. ती दर बुधवारी दुकानात जाऊन बाकावर एकटी बसून यायची.

जुलैच्या शेवटच्या शुक्रवारी इशिमारूबाई तिच्या टेबलाशी आल्या. "रविवारी मला बेटावरची वाळवलेली मासळी आणून दे. सकाळच्या बोटीनं जा."

"खालच्या दुकानात मिळते की."

"ती मला पचत नाही." बाई जायला वळल्या, थांबल्या. "तुझं ते वाक्य खरं आहे का, ते तपासायला मी सगळं वाचलं. पहिल्यापासून. डोळे गेले माझे! खरं निघालं. यंत्राचं पान काढून टाकलं आणि तेवढं एकच वाक्य पाठवलं." मग माकूळ दाढेखाली सरकवून म्हणाल्या, "एक चूक सोडून, हं. ती तीनदा आहे. ती मी नाही कळवली. ती बोटीच्या कामाची नव्हती."

रविवारी बोटीच्या फळीपाशी नारिंगी जाकिटातला उंच माणूस उतारूंना मोजून आत घेत होता. फुमिनोला वाटलं, आल्या पावली परत फिरावं. तेवढ्यात त्यानं पाहिलं. त्याचा हात हवेतच राहिला, मोजणी चुकली, मागचे आजोबा कुरकुरले.

"पायरी ओली आहे," तो एवढंच म्हणाला. "जपून."

वाटेत तो फिरकला नाही. दोर, साखळ्या, म्हाताऱ्यांच्या पिशव्या... फुमिनो लांबून बघत राहिली. कामात तो किती छान दिसतो, हे चौदाशे नोंदींत कुठंही नव्हतं. बेटावर उतरून तिनं धक्क्यावरच्या बाईकडून मासळी घेतली आणि बोट परत फिरेपर्यंत कठड्यावर बसून राहिली. मागून पावलं आली.

"मी पुष्कळ विचार केला," कोहेई म्हणाला. तो बसला नाही. "राग आला होता. चार आठवडे होता. मग एक गोष्ट लक्षात आली. माझं सगळं वाचून माणसं पळून जातील, याची मला खरी भीती होती. तुम्ही सगळं वाचलंत आणि दर बुधवारी आलात. नंतरसुद्धा येत होतात. मी रस्त्यापलीकडून बघायचो."

"मग आत का नाही आलात?"

"तीही चूकच." त्यानं खोल श्वास घेतला. "नाव काय तुमचं?"

"फुमिनो. फुमिनो ताकासे."

"फुमिनो," तो म्हणाला, नीट, चव घेत. मग एकदम भुवया वर करून, "पण हे काही बरोबर नाही हं. माझ्या चौदाशे अठरा चुका तुम्हाला पाठ, आणि तुमची मला फक्त एक माहीत."

"सांगते ना. सगळ्या सांगते."

"किती असतील?"

"मोजल्या नाहीत कधी. मला सवय दुसऱ्यांच्या मोजायची." तिनं एक बोट दुमडलं. "पहिली ही, की फाइल आली त्याच दिवशी परत द्यायला हवी होती."

"ही माहीत आहे. पुढची."

"दुसरी... ती मी तुमच्या नोकरीसाठी धरून ठेवली, असं सगळ्यांना सांगितलं. स्वतःलाही. खोटं होतं ते. परत दिली असती तर रोज संध्याकाळी तुम्हाला वाचायला मला काही कारणच उरलं नसतं. मला तुम्ही हवे होतात. अजून हवे आहात."

कोहेईचे कान लाल झाले, मग मान, मग सगळाच. बोटीचा भोंगा वाजला. धक्क्यावरची मासळीवाली बाई उघड उघड टक लावून बघत होती.

"ही चुकांमध्ये धरायची नाही," तो कसाबसा म्हणाला. "माझंही तेच आहे, म्हणजे... मलाही तुम्ही... तू..." त्यानं हताश होऊन डोकं खाजवलं. "बाकीच्या वाटेत सांग. परतीला एक तास लागतो."

"एक तास पुरायचा नाही."

"मला काही घाई नाही," कोहेई म्हणाला, आणि फळी ओढायच्या आधी त्यानं तिच्यापुढे हात केला.